गेलेल्या दांताची जागा

(नभोवाणीवरील भाषण)

दांत जाणें ही गोष्ट वयाच्या खात्यावर मांडावयाची, अशी आपल्याकडे रीत आहे. केंस पिकले, दृष्टि मंदावली, तसा एखादा दांत गेला. त्यांत विशेष तें काय, असें म्हणून माणूस दुसऱ्या बाजूनें चावूं लागतो आणि तो विषय मनावेगळा करतो. तोंडाला मात्र तो मनावेगळा करतां येत नाहीं. मोकळ्या झालेल्या जागेचे परिणाम पुढें कित्येक वर्षें हळूहळू घडत राहतात. म्हणून ती जागा भरावी कीं नाहीं, भरावयाची तर कशानें, आणि हें केव्हां ठरवावें, ह्या तीन प्रश्नांचा विचार आज आपण करूं.

हा विचार मी मुद्दाम हरिहरेश्वरच्या रहिवाशाला समोर ठेवून करणार आहें. मोठ्या शहरांतील माणसाला दंतवैद्य चार पावलांवर भेटतो. आज काम झालें नाहीं तर उद्यां कचेरीच्या वाटेवर होतें. हरिहरेश्वरची गोष्ट वेगळी. श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोंकाला, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळते तेथून जवळच, हें क्षेत्र वसलें आहे. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याति आहे, आणि ओहोटीची वेळ साधून डोंगराभोंवतीं प्रदक्षिणा घालावयास दूरदूरचे यात्रेकरू तेथें येतात. परंतु तेथेंच राहणाऱ्या माणसाला श्रीवर्धन सुमारें २० किलोमीटर, कोंकण रेल्वेचें माणगांव स्थानक सुमारें ६० किलोमीटर आणि मुंबई सुमारें २०० किलोमीटर पडते. डॉक्टरांनीं 'पुढच्या मंगळवारीं पुन्हा या' म्हटलें कीं त्याचा एक दिवस, त्या दिवसाची मजुरी आणि एस. टी. चें भाडें इतकें गेलेंच. वाडीचें शिंपणें असेल, घरीं उतारू पाहुणे असतील, किंवा आषाढाचा पाऊस लागला असेल, तर तो मंगळवार पुढें ढकलला जातो आणि अर्धवट राहिलेलें काम बिघडतें. अशा गांवच्या माणसानें दांत बसविण्याच्या पद्धतींची तुलना करतांना डॉक्टरांच्या फीबरोबर आपले हेलपाटेही मोजले पाहिजेत.

प्रथम, दांत गेल्यावर काय होतें तें पाहूं. ह्या पट्ट्यांतील श्रोत्यांना तें सांगण्यास पोफळीच्या वाडीइतका सोयीचा दृष्टांत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगडचा किनारा झोडपला, तेव्हां श्रीवर्धनच्या प्रसिद्ध रोठा सुपारीच्या वाड्यांत असंख्य झाडें आडवीं झालीं. वाडीवाल्यांना ठाऊक आहे कीं पडलेल्या झाडाचें नुकसान तेवढ्या झाडापुरतें राहत नाहीं. शेजारची पोफळ गेली कीं दुपारनंतरचें पश्चिमेचें ऊन उभ्या राहिलेल्या पोफळीच्या खोडावर थेट पडतें. खोड भाजतें, त्याला चिरा जातात, आणि कालांतरानें तीही वाऱ्यानें मोडते. तोंडांतील दांतही असेच एकमेकांच्या आधारानें उभे असतात.

खालची एखादी दाढ काढली म्हणजे तिच्या मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलूं लागते. वरच्या जबड्यांतील समोरच्या दाढेला टेंकावयास कांहीं उरत नाहीं, म्हणून तीही हळूहळू खालीं उतरते. कललेल्या दाढेच्या कडेला घांस अडकतो, तेथें कीड लागते, हिरडी सुजते. आणि पांच-सात वर्षांनीं तो माणूस दवाखान्यांत येतो तो गेलेल्या दाढेसाठीं नव्हे, तर तिच्या शेजारणींसाठीं. शिवाय दांताच्या मुळाभोंवतीं जबड्याचें जें हाड असतें तें मुळाच्याच आधारासाठीं असतें. मूळ निघालें कीं तें झिजूं लागतें. दाढ काढल्यापासून वर्षभरांत त्या जागीं हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होते, आणि ह्या झिजेचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच उरकतो. ही गोष्ट आपण लक्षांत ठेवूं, कारण पुढें निवड करतांना तिचें काम पडणार आहे.

परंतु प्रत्येक मोकळी जागा भरलीच पाहिजे असें नाहीं, हेंही तितकेंच स्पष्ट सांगितलें पाहिजे. अक्कलदाढ काढली तर तिच्या जागीं कोणी दुसरी बसवीत नाहीं. तिच्या पुढची, म्हणजे शेवटून दुसरी दाढ गेली आणि तिच्या समोरचीही नसली, तर ती जागाही पुष्कळदां तशीच ठेवतां येते. हॉलंडमधील कायझर नांवाच्या दंतशास्त्रज्ञानें १९८० च्या सुमारास अशा रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि मागच्या कांहीं दाढा नसल्या तरी पुढचे सुमारें वीस दांत नीट असतील तर बहुतेकांचें खाणेंपिणें सुरळीत चालतें असें दाखविलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही वीस दांत हेंच उद्दिष्ट मानलें. जपाननें तर १९८९ मध्यें 'ऐंशीव्या वर्षीं वीस दांत' अशी देशव्यापी मोहीमच काढली. तेव्हां कोणी आपल्याला एका मागच्या दाढेसाठीं घाई करूं लागला, तर 'ही जागा तशीच ठेवली तर काय बिघडेल?' हा प्रश्न निःसंकोचपणें विचारावा. चांगला दंतवैद्य त्या प्रश्नाचें उत्तर देतो; त्याला राग येत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, दांत गेला असें ठरविण्यापूर्वीं तो खरोखरच गेला आहे काय हें पाहावें. किडलेली दाढ ठणकूं लागली कीं 'एकदां काढून टाका आणि मोकळे करा' असें म्हणण्याची पुष्कळांना संवय असते. ती दाढ रूट कॅनल करून आणि वर टोपी बसवून राहण्यासारखी असेल, तर स्वतःच्या मुळासकट राहिलेल्या दाढेची बरोबरी कोणतीही बसविलेली दाढ करूं शकत नाहीं. दुखणें थांबविण्यासाठीं दाढ काढावयाची आणि मग ती परत बसविण्यासाठीं तिप्पट खर्च करावयाचा, ह्यांत शहाणपण नाहीं.

अपघातानें दांत निखळला तर ह्याहून निकडीची गोष्ट आहे. समुद्रकांठच्या ओल्या कातळावर पाय घसरून किंवा दुचाकीवरून पडून पुढचा दांत मुळासकट बाहेर आला, तर तो दुधाचा दांत नाहीं एवढी खात्री करून घ्यावी. मग तो वरच्या पांढऱ्या भागानें उचलावा, मुळाला हात लावूं नये, तें खरवडूं नये. माती लागली असेल तर क्षणभर दुधानें किंवा स्वच्छ पाण्यानें हलकेच धुऊन दांत तेथल्या तेथें त्याच्या खोबणींत बसवावा आणि रुमाल चावून धरून दंतवैद्याकडे निघावें. तें न जमल्यास दांत दुधांत घालून न्यावा. कोरडा कागदांत गुंडाळूं नये. पहिल्या अर्ध्या तासाचें मोल फार आहे; तासाभरानंतर आशा झपाट्यानें कमी होते. हरिहरेश्वरहून श्रीवर्धनपर्यंतच्या वाटेंतच हा अर्धा तास संपतो, म्हणून हें पहिलें काम दंतवैद्यानें करावयाचें नसून जवळ उभ्या असलेल्या माणसानें करावयाचें आहे. शाळांतल्या गुरुजींनीं आणि बाईंनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

आतां दांत गेलाच आहे आणि जागा भरणें इष्ट आहे असें धरून चालूं. बागमांडल्याहून खाडीपलीकडे वेसवीस फेरीबोटीनें जाणें ह्या भागांतल्या लोकांच्या अंगवळणीं पडलेलें आहे. खाडीवर सोय करावयाची तर एक तर होडी ठेवावी, किंवा दोन्ही कांठांवर टेंकणारा पूल बांधावा, किंवा पात्राच्या तळाशीं पाया खणून स्वतंत्र खांब उभा करावा. दांत बसविण्याचे मुख्य प्रकारही असेच तीन आहेत.

पहिला प्रकार काढतां-घालतां येणाऱ्या कवळीचा. ही आपली होडी. एका किंवा अनेक दांतांची ही लहान कवळी हिरडीवर टेंकते आणि शेजारच्या दांतांना तारेच्या किंवा धातूच्या पकडींनीं धरून राहते. साधी कवळी ॲक्रिलिकची असते. हा पदार्थ १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. त्यापूर्वीं कवळ्या कठीण केलेल्या रबराच्या असत. कोबाल्ट आणि क्रोमियम ह्यांच्या मिश्रधातूची ओतीव कवळी अधिक पातळ, मजबूत आणि तोंडांत कमी अडचणीची असते. तिला पैसे अधिक पडतात. कवळीचे गुण असे कीं शेजारचे दांत विशेष घासावे लागत नाहींत, शस्त्रक्रिया नाहीं, दोन ते चार खेपांत काम होतें, खर्च कांहीं हजारांतच भागतो, आणि पुढें आणखी एखादा दांत गेला तर त्याच कवळीला तो बहुधा जोडतां येतो. दोष असे कीं ती तोंडांत परकी वाटते, चावण्याचा जोर कमी पडतो, हाडाची झीज तिच्यानें थांबत नाहीं आणि म्हणून ती कांहीं वर्षांनीं सैल होते. शिवाय तिच्याखालीं व पकडींपाशीं अन्न सांचून शेजारचे दांत किडतात. ती रोज काढून ब्रशानें धुवावी, उकळत्या पाण्यांत कधीं टाकूं नये, आणि रात्रीं काढून पाण्यांत ठेवावी. एका दांताची लहान कवळी झोंपेंत गिळली गेल्याचीं उदाहरणें वैद्यकांत आहेत. तेव्हां ती तोंडांत ठेवून निजूं नये.

दुसरा प्रकार पुलाचा. ही कल्पना फार जुनी आहे. इटलींतील एट्रस्कन लोकांनीं अडीच हजार वर्षांपूर्वींच सोन्याच्या पट्टीच्या आधारानें शेजारच्या दांतांना दुसरे दांत जखडून बसविले होते. आजच्या पुलांत मोकळ्या जागेच्या दोहों बाजूंचे दांत चहूंकडून सुमारें एक ते दोन मिलिमीटर घासून बारीक करतात, त्यांवर टोप्या चढवितात, आणि त्या दोन टोप्यांच्या मध्यें खोटा दांत लोंबता ठेवून तिन्ही मिळून एकसंध जोडकाम सिमेंटनें पक्कें करतात. पूर्वीं धातूवर चिनी मातीचा मुलामा देत. अलीकडे झिर्कोनियाचे पूलही सर्रास बसवितात. दोन-तीन खेपांत, आठ-दहा दिवसांत काम होतें, आणि मनुष्य स्वतःच्या दांतासारखें चावूं लागतो. शंभर पुलांपैकीं सुमारें नव्वद दहा वर्षांनीं तोंडांत टिकून असतात, असें निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांवरून दिसतें.

मग पुलांत वावगें तें काय? वावगें हें कीं त्याचें भाडें शेजारच्या दोन दांतांना भरावें लागतें. दांताचें वरचें कठीण कवच एकदां घासलें कीं तें पुन्हा येत नाहीं. घासलेल्या कांहीं दांतांतील नस पुढें मरते आणि रूट कॅनल करावें लागतें. टोपीच्या कडेखालीं कीड शिरली तर ती पुष्कळ दिवस दिसत नाहीं, आणि दिसते तेव्हां पूल आणि आधाराचा दांत दोन्ही जाण्याची वेळ आलेली असते. म्हणजे एका दांताची जागा भरतांना तीन दांतांची जागा मोकळी होण्याचा धोका असतो. परंतु शेजारचे दांत आधींच इतके किडलेले किंवा भरलेले असतील कीं त्यांना टोप्या घालणें प्राप्तच आहे, तर हा दोष उरत नाहीं, आणि पूल हाच सर्वांत शहाणा मार्ग ठरतो.

पुलाचाच एक हलका भाऊ आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. त्यांत शेजारचा दांत घासावयाचा जवळजवळ नाहींच. खोट्या दांताला एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दांताच्या आंतल्या अंगाला विशिष्ट रेझिननें चिकटवितात. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठांत १९८० च्या सुमारास ह्या पद्धतीचा विकास झाला म्हणून त्यास मेरीलँड पूल म्हणतात. पुढच्या दांतांसाठीं तो उत्तम. गंमत अशी कीं दोन्ही बाजूंना पंख असलेल्या पुलापेक्षां एकाच बाजूस पंख असलेला पूल पुढच्या दांतांत अधिक टिकतो. कारण दोन दांत चावतांना वेगवेगळे हलतात आणि मधल्या चिकटपट्टीला ताण बसतो. तो कधीं निसटला तरी पुन्हा चिकटवितां येतो, आणि मूळ दांताचें नुकसान झालेलें नसतें. दाढांचा जोर मात्र त्याला सहसा सोसत नाहीं.

तिसरा प्रकार रोपणाचा, ज्याला लोक इम्प्लांट म्हणतात. हा आपला स्वतंत्र खांब. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकांत सशांच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेलीं टिटॅनियम धातूचीं उपकरणें प्रयोगानंतर काढूं गेले, तों तीं निघेनात. हाड त्या धातूशीं एकजीव झालेलें होतें. हा धागा धरून त्यांनीं १९६५ मध्यें पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत टिटॅनियमचीं रोपणें बसविलीं, आणि तीं चाळीस वर्षें टिकलीं. आज एका दांतासाठीं सुमारें चार मिलिमीटर जाडीचें आणि दहा मिलिमीटर लांबीचें टिटॅनियमचें मळसूत्र हाडांत बसवितात, तें हाडांत रुजण्यासाठीं बहुधा तीन-चार महिने थांबतात आणि मग त्यावर टोपी चढवितात.

गुण उघड आहेत. शेजारच्या दांतांना हात लागत नाहीं. चावण्याचा जोर भरपूर. कीड लागत नाहीं, कारण धातूला कीड नसते. दहा वर्षांनीं शंभरांतील नव्वदांहून अधिक रोपणें जागेवर असतात. परंतु त्याला किंमतही तशीच आहे. खासगी दवाखान्यांत एका दांताला बहुधा २० हजार रुपयांच्या पुढेंच खर्च येतो, हाड अपुरें असलें तर तें भरण्याचा खर्च निराळा, आणि चार-पांच खेपा चार ते सहा महिन्यांवर पसरलेल्या. कीड लागत नसली तरी रोपणाभोंवतीं हिरडी सुजून हाड झिजण्याचा विकार होतो, आणि तो बहुधा दुखत नाहीं, म्हणून रोजची सफाई व वर्षाकांठीं तपासणी चुकवितां येत नाहीं. बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेह आटोक्यांत नसलेले, हिरड्यांच्या रोगावर इलाज न केलेले, जबड्यावर किरणोपचार झालेले, किंवा हाडांच्या ठिसूळपणावर कांहीं विशिष्ट औषधें घेणारे, अशांनीं ही गोष्ट आधीं डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. जबड्याची वाढ पूर्ण झालेली नसतांना मुलांना रोपण करीत नाहींत, कारण बाकीचे दांत वाढीबरोबर सरकतात आणि रोपण तेथेंच राहतें.

रोपण करणाऱ्या खेड्यांतील माणसानें आणखी एक काळजी घ्यावी. मळसूत्रें अनेक कंपन्यांचीं असतात आणि एकीचे भाग दुसरीला बसत नाहींत. दहा वर्षांनीं वरचा भाग सैल झाला आणि मूळ डॉक्टर गांव सोडून गेले असले, तर दुसऱ्या डॉक्टरांस तें कोणत्या कंपनीचें, कोणत्या मापाचें हें कळावयास हवें. म्हणून ही माहिती लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि घराच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.

श्रोतेहो, प्रकार कळले. पण आपल्याला कोणता? कांहीं कल्पित उदाहरणें घेऊं.

समजा, बावीस वर्षांच्या एका तरुणाचा वरचा पटाशीचा दांत पडून गेला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दांत धडधाकट आहेत. त्याचे ते दोन कोवळे दांत घासून पूल बांधणें ही चैन त्याला पुढें महागांत पडेल. मेरीलँड पूल त्याला दोन-तीन खेपांत मिळतो. रोपणाचा विचार तो पुढें हातीं पैसा आल्यावर करूं शकतो.

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंची खालची पहिली दाढ काढून बरीं वर्षें झालीं आहेत. पुढच्या उपदाढेंत मोठें भरण आहे आणि मागच्या दाढेचें रूट कॅनल झालेलें आहे. त्या दोहोंना टोप्या हव्याच आहेत. हाडही झिजलेलें असणार. येथें पूल.

समजा, चाळिशीच्या एका गृहस्थांची दाढ काढावयाची आहे, दोन्ही शेजारी निरोगी आहेत, तंबाखूचें व्यसन नाहीं, आणि चार पैसे बाजूला पडले आहेत. त्यांना रोपण, पण तें दाढ काढण्यापूर्वींच ठरवावें, कारण वर्षभर थांबल्यावर हाडाची रुंदी उरलेली नसते. पैसे आज नसतील तर तूर्त कवळी घालावी. तिनें शेजारच्या दांतांना सरकण्यास आडकाठी होते आणि पुढचा कोणताही मार्ग बंद होत नाहीं.

आणि समजा, सत्तरीच्या एका आजोबांचे दोन्ही बाजूंचे मिळून सहा दांत गेले आहेत, उरलेल्यांपैकीं कांहीं हलत आहेत आणि मधुमेह जुना आहे. त्यांना कवळी. ती गरिबाची सोय म्हणून नव्हे, तर उद्यां आणखी दांत गेला तरी तिच्यांत भर घालतां येईल म्हणून.

ह्या चारी उदाहरणांत एक सूत्र आपल्या ध्यानांत आलें असेल. निवड गेलेल्या दांताकडे पाहून झालेली नाहीं. ती राहिलेल्या दांतांकडे पाहून झालेली आहे. आरशांत आपल्याला मोकळी जागा दिसते आणि मन तेथेंच गुंततें. दंतवैद्याची दृष्टि मात्र तिच्या कांठांवर असते. ज्या उपायानें शेजारचे निरोगी दांत जास्तींत जास्त दिवस निरोगी राहतील आणि ज्याची निगा आपल्या गांवीं राहून आपल्याला करतां येईल, तो उपाय आपला. तो सर्वांत महाग असेलच असें नाहीं, आणि सर्वांत स्वस्तही असेल असें नाहीं.

ह्या किनाऱ्यावर बोलतांना सुपारीसंबंधीं दोन शब्द न बोलून भागणार नाहीं. जिच्यावर येथल्या अनेक घरांचा संसार चालतो तिच्याविषयीं कडू बोलणें जड जातें. परंतु पिकविणें निराळें आणि दिवसभर चघळणें निराळें. सततच्या सुपारीनें दाढा झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गालाच्या आंतील पातळ त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें. असें तोंड ज्याचें झालें त्याला ना माप देतां येत, ना कवळी आंत घालतां येत, ना रोपणाचें हत्यार दाढेपर्यंत पोंचत. वर सांगितलेले सगळे मार्ग त्याला एकदमच बंद होतात. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००४ मध्यें सुपारीचा समावेश मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला आहे. तसेंच भाजलेल्या तंबाखूच्या मिश्रीचें. दांत घासण्याच्या निमित्तानें ती हिरडीवर लावण्याची संवय आपल्याकडे बायकांत फार आहे. मिश्रीनें दांत बळकट होतात हा समज खोटा आहे. तिनें हिरडी खालीं सरकते आणि चांगला दांत मुळापाशीं उघडा पडतो.

दुसरी सूचना, रस्त्याच्या कडेला पेटी मांडून तासाभरांत 'पक्का दांत' बसवून देणाऱ्यांविषयीं. हे लोक मोकळ्या जागेंत तयार दांत ठेवून तारेनें आणि पातळ ॲक्रिलिकनें तो शेजारच्या दांतांस लिंपून टाकतात. दोन हेलपाटे वांचले म्हणून माणूस खुशींत असतो. त्या लेपाखालीं ब्रश जात नाहीं, हिरडी सडते, आणि कांहीं वर्षांत शेजारचे दोन चांगले दांत हलूं लागतात. भारतांत दंतवैद्यांची नोंदणी १९४८ च्या कायद्यानें सुरू झाली, आणि महाराष्ट्रांत राज्य दंत परिषदेकडे नांव नोंदलेल्या वैद्यालाच हा व्यवसाय करण्याचा अधिकार आहे. नोंदणी-क्रमांक विचारण्यांत संकोच मानूं नये.

पैशाची अडचण असेल त्यांनीं दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा मार्ग ध्यानांत ठेवावा. मुंबईंत शासनाचें दंत महाविद्यालय आहे, नायर रुग्णालयाचें आहे. तेथें अध्यापकांच्या देखरेखीखालीं शिकाऊ डॉक्टर काम करतात. फी कमी पडते, खेपा मात्र अधिक होतात. मुंबईंत ज्यांचा मुलगा, भाऊ किंवा मावशी राहते, त्यांनीं पंधरा दिवस मुक्कामास जाऊन काम उरकून यावें, हें घरून दर खेपेला जाण्यापेक्षां सोयीचें. रोपणासाठीं निघणाऱ्यांनीं पावसाळ्याचे महिने तें हाडांत रुजण्यास सोडावेत. म्हणजे वैशाखांत मळसूत्र बसवावें आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोपी चढवून घ्यावी.

आणि पहिल्याच भेटींत चार प्रश्न विचारावेत. ही जागा तशीच ठेवली तर काय होईल? माझ्या शेजारच्या दांतांना ह्या उपायानें काय सोसावें लागेल? एकंदर खेपा किती आणि एकंदर खर्च किती? आणि पांच वर्षांनीं हें बिघडलें तर दुरुस्ती कोठें व कशी होईल? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर उतरून घरीं आणावींत, चार दिवस विचार करावा आणि मग ठरवावें. ज्या दांताचा ठणका थांबला आहे त्याच्या बाबतींत चार दिवसांनीं कांहीं बिघडत नाहीं.

माझें सांगणें संपलें. ज्यांचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत त्यांनीं रात्रीं निजण्यापूर्वीं ते नीट घासावेत. ज्यांचा एखादा गेला आहे त्यांनीं उरलेल्यांची मोजदाद करून त्यांना जपावें.